मामांच्या स्लॅबवरचा सोलर

तलवाड्यात माझ्या सासऱ्यांच्या गल्लीत पाणी तापवायचा पहिला सोलर मी बसवला. त्या वेळी लोक तो बघायला जिना चढून वर यायचे. काचेच्या नळ्यांना हात लावायचे, आडव्या टाकीवर टिचकी मारायचे आणि खाली येऊन नळाखाली बोट धरून चटका बसला की हसायचे. मामी प्रत्येकाला सांगायच्या, "थोरल्या पाव्हन्यानं बसवला." आमच्याकडं सासऱ्याला मामा आणि सासूला मामी म्हणतात. थोरला पाहुणा म्हणजे मी, थोरला जावई.

हे वाक्य ऐकायला मी किती वर्षं थांबलो होतो ते मलाच ठाऊक. माझा धंदा गेवराईत जुन्या मोटारी, पाइप आणि डिझेल इंजिनं घेण्याविकण्याचा. सुरुवात हातगाड्यावर भंगार गोळा करण्यापासून झाली. लग्न ठरवताना मामांच्या भावकीतल्या एकानं भरल्या बैठकीत विचारलं होतं, पोरगा काय करतो? दुसऱ्यानं माझ्या देखत उत्तर दिलं होतं, "लोखंड येचतो." बैठक हसली. मामा हसले नाहीत, पण त्याला गप्पही केलं नाही. पुढं माझं गोडाऊन झालं, टेम्पो आला, तालुक्यातले शेतकरी मोटार घ्यायला माझं नाव विचारत यायला लागले. त्या बैठकीला काहीतरी उत्तर द्यायचं राहिलं होतं. ते मी मामांच्या स्लॅबवर बसवलं.

मग धाकट्या मेहुणीचं लग्न झालं आणि घरात माझा साडू आला. बीडला सरकारी कार्यालयात अभियंता. मामा पहिल्या दिवसापासून त्याला 'साहेब' म्हणतात. मी आजही 'पाहुणे'च आहे. साहेबाची गाडी आली की मामा स्वतः उठून लिंबाखाली बांधलेली शेळी सोडतात, गाडीला सावली मिळावी म्हणून. माझा टेम्पो इतकी वर्षं उन्हात उभा राहतो. साहेबाला साय, मला ताक. साहेब पेपर वाचून दाखवतो आणि मामा मान डोलावत ऐकतात, जसं काही तो पेपर त्यानंच लिहिलाय. आणि माणूस असा, की भांडायलाही जागा देत नाही. मी कितीही तापलो तरी तो "बरोबर हाय दाजी तुमचं" म्हणतो आणि आपलंच करतो. बाजारात मला कुणाचीही भीती वाटली नाही. शिवी देणारा, पाय धरणारा, उठून जायचं नाटक करणारा, सगळ्या तऱ्हेची गिऱ्हाइकं मी पचवली. पण शांत माणसाचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

तरी त्या घरात एक गोष्ट माझी होती. मामा पहाटे उठून अंघोळ करतात, थंडी असो की वारा. पहिला तांब्या अंगावर घेतला की ते मोठ्यानं देवाचं नाव घेतात. त्या तांब्यात माझं पाणी होतं. साहेबानं पेपर वाचावा, सायही खावी. पहाटेचा तो पहिला तांब्या माझा होता.

गेल्या हिवाळ्यात त्यालाच धक्का लागला. चंपाषष्ठीला मामींनी दोन्ही जावयांना जेवायला बोलावलं होतं. भरीत, बाजरीची भाकरी, वर लोणी. आम्ही पंगतीला बसलो तेव्हा मामी सहज म्हणाल्या, की दिवाळीपासून सकाळचं पाणी कोमट येतंय, मामांना खोकला धरलाय. मी काही विचारायच्या आत साहेबानं घास गिळून सांगितलं, की त्यानं मागच्या खेपेला वर जाऊन पाहिलं होतं. सोलर जुना झालाय. अशा यंत्राचं एक आयुष्य असतं, ते संपलं. त्यानं नवीन बुक केलाय, पुढच्या आठवड्यात येईल.

बुक केलाय. मला न विचारता. माझ्या सोलरच्या जागी.

मी भाकरीचा तुकडा हातात धरून बसलो. साहेब माझ्याकडं वळून अगदी गोडीनं म्हणाला, "दाजी, तुमच्याच धंद्यातला माल हाय. नवीन आला की जुना तुमीच टेम्पोत टाकून न्या."

मेहुणी हसली. मामी हसल्या. आणि मामा, जे त्या बैठकीत हसले नव्हते, ते आता हसले.

मी ताटातच हात धुतला. बायको माझ्याकडं बघत होती, तिला पुढचं ठाऊक असतं. मी आवाज चढवून सांगितलं, "मामा, ह्याच सोलरचं पानी मी तुमाला पयल्यासारखं कढत करून देतो. नवीन यायच्या आत. न्हाई जमलं तर माह्या हातानं खाली उतरवतो आन् भंगारात घालतो."

मामांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "करा की. कोन न्हाई म्हनतंय?"

साहेब म्हणाला, "बरोबर हाय दाजी तुमचं."

दुसऱ्याच दिवशी मी गोडाऊनवरून पाने, टेफलॉन टेप, दोन-चार काचेच्या नळ्या आणि रबरी रिंगा टेम्पोत टाकून पुन्हा तलवाड्याला आलो. बायकोलाही आणलं. धंदा नोकरावर सोडला. जावयानं सासुरवाडीला मुक्काम ठोकायचा म्हणजे गावाला आयता विषय. शेजारचे एक आजोबा रोज ओट्यावर उन्हाला बसलेले असत. मी स्लॅबवर दिसलो की खालून ओरडायचे, "काय पाव्हनं, घरजावई झालात का?" पहिल्या दिवशी मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हणालो, की तुमची नात असंल तर सांगा, दुसरीकडंबी होतो. त्यानंतर ते फक्त खोकायचे.

आधी नळ्या पाहिल्या. रस्त्याच्या कामाची धूळ त्यांच्यावर इतकी बसली होती की काळ्या नळ्या मातकट दिसत होत्या. फडकं ओलं करून एकेक पुसली. अशा नळीच्या खालच्या टोकाला आतून चांदीसारखा चकचकीत रंग असतो. नळीच्या बाहेरच्या काचेला तडा गेला, आत हवा शिरली की तो रंग दुधासारखा पांढरा पडतो. एक नळी तशी पांढरी निघाली. मला आनंद झाला. सापडलं म्हणालो. ती काढून नवी बसवली, रिंग बदलली, पाणी भरलं. दिवसभर लख्ख ऊन पडलं. संध्याकाळी न्हाणीतला नळ सोडला तर हात भाजला. मी बायकोला हाक मारून दाखवलं, मामींना दाखवलं, मामांचा हात धरून नळाखाली नेला. मामा म्हणाले, "हां, तापलंय." तेवढंच. साहेबानं पंक्चर काढलं असतं तरी त्यांनी अख्ख्या गावाला सांगितलं असतं.

पहाटे मामा न्हाणीत गेले. मी बाहेर कान लावून उभा होतो. तांब्याचा आवाज आला. देवाचं नाव आलं नाही. आला तो खोकला.

मी आत हात घालून पाहिलं. कोमट. बाळाला अंघोळ घालायलाही चालणार नाही असं कोमट.

माझ्या धंद्यात एक समज असते. इंजिन चालूच होत नसेल तर दोष एक, चालू होऊन बंद पडत असेल तर दुसरा. संध्याकाळी पाणी कढत आहे म्हणजे तापवायचं काम नीट होतंय. मग रात्रीतून ऊब जाते कुठं? टाकीच्या दोन पत्र्यांमध्ये ऊब धरून ठेवणारा फोम असतो. त्यात पाणी शिरलं की टाकी रात्रभर थंडी पीत बसते. मी दुसऱ्या संध्याकाळी टाकीला बाहेरून सगळीकडं तळवा लावून पाहिला. गार. म्हणजे आतली ऊब बाहेर येत नव्हती, फोम शाबूत होता. मग क्षाराची शंका घेतली. तलवाड्यातलं बोअरचं पाणी असं आहे की भांडं घासलं तरी पांढरं राहतं. टाकी रिकामी केली, तळातून चुन्यासारखे पापुद्रे निघाले, बादलीभर. धुतली, भरली. संध्याकाळी पाणी कढत, पहाटे कोमट.

मधल्या काळात साहेबाचा फोन यायचा. मला नाही, मामांना. मामा तो स्पीकरवर ठेवतात, कारण कानाला लावलं की त्यांना ऐकू येत नाही. साहेब विचारायचा, दाजींचं कुठवर आलंय? मामा सांगायचे, चाललंय. मग दोघं पंधरा-वीस मिनिटं हवापाण्याचं, रेशनचं, नारायणगडाला दर्शनाला कधी जायचं त्याचं बोलायचे. मी तिथंच बसलेला असायचो, कोपरापर्यंत गंजानं माखलेला. माझ्याशी मामा इतकं कधी बोलले ते आठवत बसायचो. आठवायचं नाही. मग मी पाना घेऊन वर जायचो आणि धड बसलेले जोडसुद्धा पुन्हा आवळायचो.

बायको वर चहा घेऊन आली की म्हणायची, "कावून एवढा जीव काढताय? येऊ द्या की नवा." मी तिला सांगायचो, की तुला कळायचं नाही. ती म्हणायची, "मला लई कळतंय." आणि खाली जायची.

दोष सापडला तो मामींच्या बोलण्यातून. एका सकाळी त्या मोरीत भांडी घासत होत्या आणि माझी बायको जवळ बसून लसूण सोलत होती. मी ओसरीवर चहा पीत होतो. बायको आईला म्हणाली, की एवढ्या थंडीत गार पाण्यात हात घालू नको, मी घासते. मामी म्हणाल्या, "न्हाई गं, औंदा थंड पानीबी लई बरं लागतंय. बोटं गारठत न्हाईत."

मी कप खाली ठेवला. जिन्यावरून वर गेलो, तिथून लोखंडी शिडीनं थंड पाण्याच्या उंच टाकीवर. हीच टाकी न्हाणीला, मोरीला थंड पाणी देते आणि खालच्या सोलरलाही भरते. झाकण उचललं, बाही वर करून हात घातला. थंडीच्या दिवसात, सकाळच्या प्रहरी, उघड्यावरच्या टाकीतलं पाणी हाताला ऊबदार लागत होतं.

ऊब कुठं जाते ते कळलं. ती वर चढून थंड टाकीत येत होती. पण गरम पाणी उलटं वर चढायला कुठंतरी थंड आणि गरम लाइन एकत्र यायला हवी होती. कुठंतरी दोन्ही नळ उघडे आणि पुढचं तोंड बंद, असं हवं होतं. मग थंड पाणी आपल्या वजनानं गरम लाइनीत घुसतं, सोलरच्या टाकीत शिरतं, आणि तिथलं तापलेलं पाणी भरायच्या पाइपातून वर ढकललं जातं. रात्रभर, थेंबही बाहेर न सांडता. न्हाणीत असं काही नव्हतं, तिथं दोन साधे वेगळे नळ मीच बसवले होते.

मी पाइपाचा माग काढत निघालो. स्लॅबवरून भिंतीवर, भिंतीवरून मागच्या बाजूला. तिथं माझ्या पिवळट पडलेल्या पाइपाला एक पांढराशुभ्र नवा पाइप जोडलेला होता. तो मी जोडला नव्हता. तो खाली गोठ्यात गेला होता.

गोठ्यात मामींची दुभती म्हैस उभी होती. भिंतीवर दोन कॉक, एक गरमचा, एक थंडचा. दोन्ही मिळून एक लांब रबरी नळी दावणीतल्या पिंपापर्यंत आलेली आणि नळीच्या टोकाला तिसरा कॉक. भिंतीवरचे दोन्ही कॉक अर्धवट उघडे होते आणि दोघांना मिळून चिंधीनं घट्ट बांधलेलं होतं. टोकाचा कॉक बंद होता.

मी मामींना हाक मारली. आवाज चढला असणार, कारण सगळं घर गोठ्यात आलं. मामींनी सगळं सरळ सांगितलं. दिवाळीला साहेब आले होते तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, की थंडीत म्हशीला गार पाणी पाजलं की दूध कमी होतं. साहेबांनी दुसऱ्या दिवशी बीडहून माणूस आणून ही जोडणी करून दिली. एकदा दोन्ही कॉक फिरवून फिरवून म्हशीला हवं तसं, ना गार ना ऊन, पाणी त्यांना जमलं. ते माप पुन्हा हुकू नये म्हणून त्यांनी कॉक चिंधीनं बांधून टाकले. तेव्हापासून त्या फक्त टोकाचा कॉक सोडतात आणि बंद करतात.

माझ्या सोलरचं आयुष्य संपलं नव्हतं. साहेबानंच त्याच्या नळीला भोक पाडलं होतं आणि त्यानंच नाडी धरून तो मेला म्हणून सांगितलं होतं.

त्या क्षणी मला जो आनंद झाला तो पोरं झाली तेव्हाही झाला नव्हता. मी तिथंच, गोठ्यात, मामांचा फोन मागून घेतला, साहेबाला लावला आणि स्पीकर चालू केला. सगळ्यांच्या समोर सांगितलं, की साहेब, दोष सापडला. तुमी दिवाळीला जी जोडणी केली तिनं रोज रात्री पानी उलटं वर जातंय. सरकारी नोकरीत हेच शिकवतात का, हेही विचारलं.

मग साहेब म्हणाला, "अरे हो की. तिथं एनआरव्ही बसवायचा राहिला. दाजी, बरं झालं तुमी बघितलं, माझ्या ध्यानातच आलं नसतं. तुमच्याकडं पडलेला असंल एखादा, टाका बसवून."

एवढंच. ना सबब, ना वाद. मी पुढं बोलायला सतरा वाक्यं जुळवून ठेवली होती, ती तोंडातच राहिली. आणि मामा माझ्याकडं बघून काय म्हणाले असतील? म्हणाले, "बघा, साहेबानं एका झटक्यात कबूल केलं. मोठ्या मनाचा मानूस."

मामी पदरानं डोळे पुसायला लागल्या. म्हणाल्या, "माह्याच हातानं झालं म्हना की. मीच चिंधी बांधली. मग म्हशीला काय गार पाजू?" मी त्यांना कुठं बोललो होतो? पण बायकोनं माझ्याकडं असं पाहिलं की जसं मीच चिंधी बांधली.

एनआरव्ही म्हणजे पाण्याला एकाच बाजूनं जाऊ देणारा व्हॉल्व्ह. विहिरीवरच्या मोटारीला तो असतो, माझ्या गोडाऊनमध्ये त्यांचं पोतं आहे. दुपारी गेवराईला जाऊन चांगले पितळी निवडून आणले. एक सोलर भरायच्या पाइपावर बसवला, दुसरा गोठ्यातल्या गरम लाइनीवर. मामींची चिंधी होती तशी राहू दिली.

पहाटे मी पुन्हा न्हाणीबाहेर उभा राहिलो. तांब्या वाजला. मग मामांनी देवाचं नाव घेतलं, पहिल्यासारखं, शेजारच्या ओट्यापर्यंत जाईल असं. न्हाणीच्या दारातून वाफ बाहेर येत होती. ती पाहून मला साहेबाची, त्याच्या गाडीची, त्या शेळीची, कशाचीच आठवण झाली नाही. फार वेळ नाही, पण तेवढा वेळ खरंच झाली नाही.

मामा टॉवेल गुंडाळून बाहेर आले. मला म्हणाले, "जितलात पाव्हनं. तुमचा सोलर हितंच ऱ्हाईल." मग खाटेवर बसून त्यांनी फोन घेतला आणि साहेबाला पाणी किती कढत आलं ते सांगायला सुरुवात केली.

नवीन सोलर ठरल्याप्रमाणे आला. छोट्या ट्रकमध्ये, खोक्यात, नळ्यांना जाड कागद गुंडाळलेला. सोबत बसवणारा माणूस आणि गाडीतून साहेब आणि मेहुणी. गाडी लिंबाखाली लागली. मी ओसरीवर ऐटीत बसलो होतो. ट्रक जसा आला तसा माघारी जाताना मला बघायचा होता.

साहेबानं विचारलं, की मामा, आता ह्याचं काय करायचं? मी म्हणालो, परत. त्यात काय विचारायचं.

मामा म्हणाले, "परत कशाला? थोरल्या पाव्हन्याच्या घरी बसवा. माही थोरली लेक अजून बादलीत रॉड टाकून पानी तापवती."

मी हे ऐकायला तयार नव्हतो. आमच्या घरी सोलर नव्हता ही गोष्ट खरी आहे. जुने सोलर माझ्याकडं किती आले आणि गेले त्याला मोजमाप नाही. प्रत्येक खेपेला एखादा चांगला सेट बाजूला काढून मी म्हणायचो, हा घरी. आणि तो टेम्पोत चढायच्या आधी त्याला गिऱ्हाईक मिळायचं, तेही चांगलं. धंदेवाल्याच्या घरी असंच असतं. ह्यात कुणाच्या लेकीचे हाल करायचा विचार नव्हता.

मी उठलो. साहेबाला बाजूला घेतलं आणि सांगितलं, की बरं, मी घेतो. भाव बोला. घेतो म्हणजे विकत घेतो, फुकट नको. हे मला जमणारं होतं. भाव निघाला असता, मी तो पाडला असता, त्यानं ताणला असता, शेवटी पैसे मोजून माल माझा झाला असता आणि कुणाचं कुणाला देणं राहिलं नसतं.

साहेब म्हणाला, "दाजी, तो मी मामांना दिलाय. आता मामा कुनाला देतात ते मामांनी बघायचं. मी भाव कसा सांगू?"

मी मामांकडं गेलो. मामा म्हणाले, की लेकीला दिलेल्या वस्तूचा बाप भाव करतो का? आयुष्यभर मी सौदे केले, पण ज्या मालाला दोन्हीकडून कुणी भावच सांगत नाही त्याचा सौदा कसा मिटवायचा हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी साहेबावर ओरडलो, की मला उपकार नको. मी माझ्या हिमतीवर उभा राहिलोय, कुणाच्या साहेबकीवर नाही. मेहुणी रडायला लागली. शेजारचे आजोबा ओट्यावरून उठून जवळ येऊन उभे राहिले.

बायको इतका वेळ उंबऱ्यात उभी होती. ती पुढं आली. माझ्या घरात तिचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही, तेव्हाही चढला नाही.

"इतकी वर्सं माह्या बापाच्या घरी येऊन मी तुमच्या गरम पान्यानं अंघोळ करतीय," ती म्हणाली. "आपल्या घरी ते कधी येनार व्हतं, तेवढं सांगा. मंग ट्रक माघारी धाडा."

ट्रकवाला बिडी विझवून माझ्याकडं बघत होता, इकडं की तिकडं म्हणून. मी टेम्पोची किल्ली घेतली आणि ट्रकवाल्याला म्हणालो, माझ्या मागं या.

माझ्या घरी बसवताना मी त्या बसवणाऱ्या माणसाच्या डोक्यावर उभा राहिलो. स्टँडचा कोन त्याला दोनदा बदलायला लावला. एनआरव्ही माझ्या पोत्यातला घातला, त्यानं आणलेला नाही. साहेबही मागोमाग आला होता, स्लॅबवर एका कडेला उभा होता. सगळं झाल्यावर म्हणाला, की दाजी, तुमी असल्यावर काम पक्कंच. मी त्याला चहा पाजला. साय घातली नाही.

आता तलवाड्याच्या स्लॅबवर माझा सोलर आहे आणि माझ्या स्लॅबवर साडूचा. मामांच्या नळ्या पुसायला मी अधूनमधून जातो. बायको पहाटे उठते, न्हाणीत जाते, आणि पूर्वी कधी म्हणत नसे ते एक गाणं गुणगुणते. मी तेव्हा स्लॅबवर असतो. जोड बघतो, टाकीला हात लावतो, नळ्यांची टोकं खाली वाकून पाहतो, थंड टाकीत हात घालतो. क्षार साचलाय का, रिंग सुटलीय का, एखादं टोक पांढरं पडलंय का.

अजून तरी काही सापडलेलं नाही.